वाढवलेली अंगठी

दागिन्यांबद्दलची तुमची पत्रं मी दुपारी उघडते, जेवणं आटोपून ओटा पुसला की. आमचं घर ठाण्यात, जांभळी नाक्याच्या मागच्या गल्लीत. खाली पेढी, वर आम्ही. पेढी म्हणजे आता एक काउंटर, एक काटा आणि हुगळीकडचा एक कारागीर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून आमचे हे भट्टीशी बसत नाहीत, काट्याशी बसून कुरकुरतात. मी सोनं घडवत नाही, मी गाठवते. पोत, ठुशी, मोहनमाळ, तन्मणी, जे जे दोऱ्यात जातं ते माझ्याकडे. चव्वेचाळीस वर्षं झाली.

या खेपेला नथीच्या पॉलिशबद्दल आणि लॉकरबद्दलही पत्रं आहेत, ती पुढच्या अंकात घेते. कारण बाकीची सगळी पत्रं एकाच दुखण्याची निघाली. दागिना तोच आहे, अंग मात्र पूर्वीचं राहिलेलं नाही.

प्रश्न : ताई, मी ७१ वर्षांची. पाचपाखाडीत राहते, मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाले. १९७८ साली लग्नात यांनी घातलेली अंगठी गेली चार वर्षं बोटात जात नाही. मधला सांधा इतका जाड झालाय की साबण लावूनही ती तिथेच अडते. आतल्या बाजूला यांच्या नावाचं अक्षर कोरलेलं आहे. हे जाऊन दोन वर्षं झाली. सासूबाईंच्या चार तोळ्यांच्या पाटल्यांचंही तेच. चढवताना अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ येते की डोळ्यांत पाणी येतं. सून म्हणते, मोडून हलकं काहीतरी नवीन करू या. ती लोभानं म्हणत नाही, मनानं चांगली आहे. पण यांची अंगठी कापायची या विचारानंच पोटात गोळा येतो. सोनं कापणं अशुभ असतं असंही ऐकलंय. आणि खरं सांगू का, या गाठी आलेल्या हातांवर आता काही घालावंसंच वाटत नाही. हात बघवत नाहीत. काय करू?

उत्तर : तुम्ही शिक्षिका, म्हणून मी बाईच म्हणते. तर बाई, आधी तो 'कापायची' शब्द बाजूला ठेवू. आमच्या पेढीवर तो चालत नाही. बांगडी फुटली की आपण 'वाढवली' म्हणतो, मंगळसूत्र तुटलं की 'वाढलं' म्हणतो. आणि अंगठीचं माप मोठं करायचं असलं तरी त्यालाही वाढवणंच म्हणतात. त्यामुळे कुणी 'मंगळसूत्र वाढवायचंय' म्हणत आलं की आधी विचारावं लागतं, तुटलंय की लांब करायचंय? मी नवी नवरी असताना एका बाईंचं असंच भलतं सांत्वन करून बसले होते. त्यांना पोत फक्त दोन बोटं लांब हवी होती. सासरे आठवडाभर हसत होते.

तुमची अंगठी अशी वाढवायची आहे. करवत लागते, ते खोटं बोलणार नाही. पण सोनाराच्या घरात करवत, कानस आणि फुंकणी देव्हाऱ्यापासून चार हातांवर असतात, दसऱ्याला त्यांची पूजा होते. त्यात अशुभ काही असतं तर आमची सात पिढ्यांची चूल पेटलीच नसती.

आता गंमत काय होते बघा. अंगठी बसते बोटाच्या मुळाशी, पण जाते सांध्यावरून. तरुणपणी ही दोन्ही मापं जवळजवळ सारखी असतात. सांधा झिजला की त्याच्या कडेला हाड वाढतं, तो रुंद होतो. मूळ मात्र तेवढंच राहतं, उलट वयानं मांस उतरून थोडं बारीकच होतं. म्हणून सांध्याच्या मापानं वाढवली की खाली ती गरागरा फिरते, खडा तळव्याकडे जातो आणि चार दिवसांत बाई म्हणतात, सोनारानं बिघडवली. यावर उपाय सोपा आहे. खडा किंवा नक्षी असते त्याच्या बरोबर समोर, तळव्याच्या बाजूला अंगठी उघडायची, तिथे दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा घालून झाळायची, म्हणजे तापवून जोडायची, आणि आतून खालच्या बाजूला मुगाएवढेही नाहीत असे दोन बारीक सोन्याचे मणी झाळून घ्यायचे. सांध्यावरून जाताना मणी मऊ बाजूनं सरकतात, मुळाशी गेल्यावर बोटाला दोन्हीकडून धरतात. अंगठी फिरत नाही. तुमच्या अंगठीत अक्षर कुठे आहे ते आधी बघून घ्या. ते नेमकं खालीच असेल तर कारागिराला सांगा, बाजूनं उघड म्हणून. चांगला कारागीर अक्षराला धक्काही लावणार नाही.

दुसरा एक प्रकार असतो, अंगठीलाच बिजागरी आणि कळ बसवायची, म्हणजे ती कड्यासारखी उघडते आणि सांध्यावरून न्यायलाच नको. काम देखणं होतं. पण २२ कॅरेट सोनं मऊ पडतं, कळ १८ कॅरेटची करावी लागते, खर्च दुप्पट-तिप्पट होतो आणि दुखऱ्या बोटांनी ती कळ उघडायची म्हणजे पुन्हा वैताग. तुमच्यासाठी मी मणीच सांगेन.

माप सकाळी उठल्या उठल्या घेऊ नका, बोटं तेव्हा फुगलेली असतात. मे महिन्यात उन्हातून चालत पेढीवर येऊन तर मुळीच नको. दुपारी चारच्या सुमारास, निवांत, दोन वेगवेगळ्या दिवशी घ्या. आणि एक विचारते, रागावू नका. सकाळी बोटं तासाभराहून जास्त वेळ आखडलेली राहतात का? दोन्ही मुठींचे सांधे गरम, सुजलेले असतात का? तसं असेल तर आधी डॉक्टर, मग सोनार. ती साधी झीज नसेल, सुजेचा संधिवात असेल. त्यातली सूज औषधानं उतरते, आणि मग वाढवलेली अंगठी लहान करायला तुम्ही परत आमच्या पायऱ्या चढाल.

माझं सांगते. सहा वर्षांपूर्वी श्रावणात तलावपाळीला पहाटे फिरताना शेवाळावरून घसरले आणि डावं मनगट मोडलं. पहिली चूक मी तिथेच केली. सोनाराच्या घरातली असून अंगठी आणि बांगड्या तिथल्या तिथे उतरवल्या नाहीत. (सगळ्यांनी हे लिहून ठेवा : हात पडला, मुरगळला, मोडला, तर पहिल्या पाच मिनिटांत हातातलं सगळं काढायचं. नंतर सूज काढू देत नाही.) दवाखान्यात पोचेपर्यंत बोट वांग्याच्या रंगाचं झालं होतं. तिथल्या एका मुलानं चाकाच्या छोट्या करवतीनं अंगठी कापली. मी ढसाढसा रडत होते, मनगटासाठी नव्हे, अंगठीसाठी; आणि रडता रडता त्या मुलाला म्हणाले, "भाऊ, खाली कागद धर रे, कीस सांडेल." त्या बिचाऱ्यानं खरंच इंजेक्शनच्या पुडक्याचा कागद धरला. हे धावत आले, माझ्याकडे बघायच्या आधी ती पुडी उघडली आणि म्हणाले, "पुरा आणलास ना?" आमच्याकडे प्रेम काट्यावर मोजतात.

ती पुडी वर्षभर तशीच होती. मला बघवत नव्हती, जसे तुम्हाला हात बघवत नाहीत. शेवटी यांनीच ती काढली. माझा सांधाही तोवर जाड झालेला, म्हणजे तुकडा घालणं आलंच. माझ्या आईची मोडकी नाकातली फुली पडून होती, तिचं सोनं घातलं. जुनं गावाकडचं सोनं, त्यात तांबं जास्त, म्हणून रंग लालसर. जोड उठून दिसतो. कारागीर म्हणाला, मुलामा देतो, कळणारही नाही. मी नको म्हटलं. आता भांडी घासताना तो लाल पट्टा वर येतो आणि आई आठवते, आणि तो कागद धरणारा मुलगाही. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

तुमच्याही डब्यात एखादी फिरकी हरवलेली कुडी, तुटलेलं डूल असेल. तेच घाला तुकड्याला. बाहेरचं सोनं कशाला?

पाटल्यांचं काम मोठं आहे, पण अवघड नाही. पाटली दोन ठिकाणी उघडायची. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला खटका, वर जोडीला बारीक साखळी, म्हणजे खटका चुकून सुटला तरी पाटली रस्त्यावर पडणार नाही. मळसूत्राचा पेच घेऊ नका. तो मोहरीएवढा खिळा तुमच्या बोटांना फिरवता येणार नाही आणि एक दिवस मोरीतून जाईल. काम झाल्यावर पेढीवरच बसून स्वतःच्या हातानं तीनदा उघडा, तीनदा लावा. सुनेनं लावून दिलेली चालणार नाही. तुम्हाला एकटीला जमलं तरच पैसे द्या.

पाटल्या भरीव आहेत की पोकळ, हे मात्र आधी विचारा. जुन्या पोकळ दागिन्यांत लाख भरलेली असते. न विचारता ज्योत लावली की लाख वितळून बाहेर येते आणि पत्रा चेपतो. अशा दागिन्याची लाख आधी काढून, झाळून, मग परत भरावी लागते. जो कारागीर हातात घेऊन टिचकी मारून आवाज ऐकतो, त्याच्याकडे द्या.

सुनेचं म्हणणं वेडगळ नाही, पण हिशेब तिलाही दाखवा. सासूबाईंचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आता बाजारात तोळा म्हटलं की १० ग्रॅम धरतात. तुम्ही पेढीवर जाऊन 'चार तोळे' म्हणालात तर समोरच्याच्या डोक्यात ४० ग्रॅम येतील, आणि तुमच्या हातात असतील साडेशेहेचाळीसच्या वर. म्हणून तोळे बोलायचे नाहीत, काट्यावरचे ग्रॅम बोलायचे. शिवाय त्या काळच्या दागिन्याला हॉलमार्क नसणार. आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंगच २००० साली सुरू झालं आणि सक्तीचं व्हायला लागलं ते जून २०२१ पासून. यंत्रावर धरून कॅरेट सांगतात, ते यंत्र वरवरचा थर बघतं. मोडीत देताना आटवून तपासतात, त्यात घट धरतात, नव्यावर घडणावळ लागते, त्यावर जीएसटी. चार तोळ्यांचे हलके तीन होऊन घरी येतात आणि सासूबाईंचा हात त्यातून गेलेला असतो. एवढं करून मोडायचंच ठरलं तर नव्या दागिन्यावर २२ कॅरेटसाठी ९१६ आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या एकाच दागिन्याचा ओळख क्रमांक, आहे ना, ते बघून घ्या. मोबाइलवर बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये ती सहा अक्षरं टाकली की खरंखोटं कळतं.

वाढवायला दिलं तरी आधीचं वजन, नंतरचं वजन आणि घातलेलं सोनं, तिन्ही आकडे चिठ्ठीवर घ्या. निघालेला तुकडा आणि कीस परत मागा. मागायला लाजू नका, आम्ही लाजत नाही ठेवून घ्यायला. (हे वाक्य यांनी वाचलं तर आज जेवण नाही.)

आता राहिला तुमचा शेवटचा मुद्दा. तुमचं पत्र चार पानांचं आहे, शाईच्या पेनानं लिहिलेलं, समास सोडून, एकही खाडाखोड नाही. माझा नातू चौथीत आहे. त्याला दाखवलं तर म्हणाला, "आजी, हे छापलंय का?" मी त्याला तुमचा 'ळ' गिरवायला बसवलाय. हे लिहिलं ते त्याच गाठींच्या बोटांनी ना? मग त्यांच्या मनगटावर पाटल्या नको कशाला?

प्रश्न : काकू, आम्ही कळव्याला राहतो. सासूबाई ६८ वर्षांच्या, १५ वर्षांपासून मधुमेह आहे. तळपायाला स्पर्श नीट कळत नाही. पायाचं बोट सुजून जोडवं रुतलंय, पण सासरे आहेत तोवर काढणार नाही म्हणतात. त्यांना दुखवायचं नाही. तुम्ही समजावा.

उत्तर : तुमच्या पत्रावर फोन नंबर होता, म्हणून अंकाची वाट न बघता मी त्याच दिवशी फोन केला. बाकीच्यांसाठी इथे लिहिते. आज काढा. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, जोडव्याची कड घासून जखम झाली तरी कळत नाही, आणि ती जखम लवकर भरत नाही. अशा एका जखमेपायी बोट गेलेलं मी ओळखीत पाहिलंय. रुतलेलं जोडवं ओढायचं नाही. दोरा-तेलाचे प्रयोगही या पायावर नकोत. कातडी लाल किंवा ओली दिसत असेल तर थेट डॉक्टरांकडे. तसं नसेल तर सोनार पातळ पट्टी आत सरकवून चांदी अलगद उघडून देतो, दोन मिनिटांचं काम आहे.

सासूबाईंना सांगा, आमच्या सासूबाईंनी पाय सुजायला लागल्यावर स्वतःहून जोडवी काढली आणि ती चांदी कुंकवाच्या करंड्याच्या झाकणाला लावून घेतली. रोज सकाळी हात लागायचाच. सासरे त्यानंतरही अकरा वर्षं ठणठणीत होते आणि रोज चहात साखर कमी म्हणून ओरडायचे.

प्रश्न : मी वाशीची, वय ६३. आईच्या सात मोत्यांच्या कुड्या माझ्याकडे आहेत. माझ्या कानांची भोकं ओघळून चिरेसारखी झालीत, डावा कान तर फाटायलाच आलाय. भाच्याच्या लग्नात त्याच कुड्या घालायच्या आहेत. क्लिप बसवून घेऊ का?

उत्तर : क्लिप नको. कुडीचं वजन क्लिपनं पेलायचं तर ती इतकी घट्ट लागते की तासाभरात कान ठणकतो, आणि सैल केली तर कुडी वरातीत पडते.

तुमच्या आईकडे या कुड्यांबरोबर वेल होते का, आठवून बघा. कुडीपासून निघून कानावरून वर केसात अडकवायची ती मोत्यांची किंवा सोन्याची साखळी. आता ती सगळे नटण्यासाठी घालतात. पण ती मुळात खांदा देणारी आहे हो! कुडीचा भार पाळीवर न पडता वर केसांवर जातो. आपल्या आज्या-पणज्यांचे कान काही वेगळे नव्हते, त्यांनी सोय करून ठेवली होती. वेल नसतील तर साधी हलकी साखळी करून घ्या. मागे फिरकीच्या आत पारदर्शक प्लास्टिकची रुंद चकती घाला, म्हणजे कुडी पुढे लवत नाही. आणि लग्नात घाला, पंगतीनंतर काढा. दिवसभर वागवायची गरज नाही.

कान खरोखर फाटायला आला असेल तर पाळी शिवून घेता येते. जागा बधिर करून करतात, त्याच दिवशी घरी. पुन्हा टोचायला मात्र काही महिने थांबावं लागतं, आणि ते शिवणीच्या रेषेवर न टोचता जरा बाजूला. म्हणजे लग्न जवळ असेल तर आत्ता वेल, शिवणं नंतर.

कुड्या दुरुस्तीला दिल्या तर आधी मोबाइलवर पुढून-मागून फोटो काढा आणि मोती मोजून चिठ्ठीवर लिहून घ्या. आईच्या आईकडून आल्या असतील तर मोती बसऱ्याचे असू शकतात, म्हणजे इराणच्या आखातातले, शिंपल्यात आपोआप झालेले. ते किंचित वाकडे, पिवळसर, एकसारखे नसतात. नव्या नजरेला ते जुनाट वाटतात आणि कुणीतरी म्हणतं, बदलून गोल पांढरे घालू. घालू नका. आणि मोती जागेवर असताना ज्योत लावू देऊ नका. मोती तापला की मेला.

प्रश्न : नमस्कार काकू. घणसोलीहून लिहितो. आई ७८ वर्षांची आहे, हात थरथरतात, मंगळसूत्राचा हूक लावता येत नाही. मी रात्रपाळीला असलो की ती अंघोळीनंतर तशीच बसून राहते, कुणी येऊन लावून देईपर्यंत. ऑनलाइन चुंबकाचा हूक मिळतो, तो बसवू का? तिला दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला आहे.

उत्तर : शेवटचं वाक्य लिहिलंत म्हणून बरं झालं. नको. पेसमेकरपासून चुंबक निदान १५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभर, लांब ठेवायला सांगतात. हूक मानेमागे असला तरी पोत फिरते, हूक पुढे येतो, काढताना तर छातीवरच लोंबतो. पेसमेकर नसता तरी मी वजनदार पोतीला चुंबक लावला नसता. लोकलच्या गर्दीत एक झटका आणि गेली.

पोत लांब करून घ्या, डोक्यावरून सहज घालता येईल एवढी. हूकच नको. साधारण तीस इंच लागते, पण आंबाडा घालत असतील तर आईंच्या डोक्यावरून दोरा फिरवून बघा आणि वर चार बोटं जास्त धरा. काळे मणी थोडे वाढतील, सोनं वाढवायची गरज नाही. वाट्या त्याच राहू देत. दोन्ही बाजूंना मण्यांमध्ये गाठी मारून घ्या, म्हणजे दोरा तुटला तरी सगळे मणी घरभर होत नाहीत.

ठुशी घालत असतील तर तिला काही करू नका, तिच्या मागची सरकती दोरी बघा. गळा भरला, सैल करा. गळा उतरला, ओढून घ्या. चिंचपेटी, वज्रटीक, तन्मणी, सगळ्यांना मागे दोरी आणि गोंडा. मी गाठवायला लागले तेव्हा वाटायचं, सोन्याच्या दागिन्याला दोरी ही गरिबी झाली. साखळी हवी, हूक हवा. आता माझ्याच गळ्याचं माप दोनदा बदललंय आणि दोरी कुणाच्या डोक्यातून निघाली असेल त्या बाईच्या पाया पडावंसं वाटतं. दर तीन-चार वर्षांनी गाठवून घ्यायचं, एवढाच तिचा खर्च.

आणि तुम्ही आईचं 'बसून राहणं' लक्षात ठेवून लिहिलंत. माझ्या मुलानं अजून मला कधी असं बघितलेलं नाही. त्याला हे पान दाखवणार आहे.

एका जुन्या प्रश्नाचं पुढचं :

नेरुळच्या एक ताई मागे पेढीवरच आल्या होत्या. आई ८१ वर्षांची, तब्येत खूप उतरलेली, चार बांगड्या हातातून गळून पडायच्या. एक तर कचऱ्याच्या डब्यात सापडली होती. ताईंचं म्हणणं, काढूनच ठेवते. आईचं म्हणणं, ओका हात घेऊन मी बसणार नाही. बांगड्या दोन आठच्या, म्हणजे आतून आडव्या दोन इंच आणि वर आठ सोळांश, अडीच इंची. मी आईंच्या हाताला सुतळी गुंडाळून माप आणायला सांगितलं होतं, मनगटाचं नाही, अंगठा आत मुडपून हाताच्या सगळ्यात रुंद भागाचं. कारण मनगट वाळतं, पण हाडांची रुंदी तेवढीच राहते. मनगटावर माप घेतलं तर बांगडी चढतच नाही. माप दोन चारचं, म्हणजे सव्वादोन इंची, निघालं. दोन आठवरून दोन चारवर आणलं की घेर दोन सेंटीमीटरनं कमी होतो, म्हणजे दहावा हिस्सा सोनं निघतं. बारा ग्रॅमच्या बांगडीतून एक ग्रॅम आणि वर थोडं. चार बांगड्यांचे पावणेपाच ग्रॅम निघाले.

तुकडे पुडीत बांधून मी ताईंना दिले, की ठेवा, नातीला होईल काहीतरी. परवा त्यांचं पत्र आलं. आईंनी ती पुडी नातीला देऊ दिली नाही. त्यांना रोज अंघोळ घालायला, वेणी घालायला एक मावशी येतात, दिवाळे कोळीवाड्यातून, सकाळी सातला. बांगड्या गळून पडायच्या तेव्हा त्याच प्रत्येक वेळी पलंगाखाली वाकून शोधायच्या, कचऱ्याच्या डब्यातलीही त्यांनीच शोधली. आईंनी सांगितलं, त्या तुकड्यांच्या तिला बाळ्या करा. मावशी घ्यायला तयार नव्हत्या. आई म्हणाल्या, मग उद्यापासून माझी वेणी घालू नकोस.

बाळ्या आमच्याच पेढीवर झाल्या. ताईंनी घडणावळ विचारली तर मी म्हटलं, राहू दे. हे काट्यावरून मान वर न करता म्हणाले, "पेढी बंद करायची असेल तर सांग." पण चिठ्ठीवर त्यांनी घडणावळीच्या रकान्यात शून्यच लिहिलं. ताई लिहितात, मावशी त्या बाळ्या घालून येतात आणि आई रोज सकाळी त्यांच्या कानाला हात लावून बघते, आहेत ना म्हणून.